गुलाबाच्या दारातली मार्गरीट

आमच्या बेटावर सण फार. जुलैत कार्निव्हल, एक ऑगस्टला गुलामगिरी सुटल्याचा दिवस, तीस ऑगस्टला गुलाबवाल्यांचा सण, सतरा ऑक्टोबरला आमचा मार्गरीटवाल्यांचा, मग आमच्या क्रेओल बोलीचा दिवस, मग डिसेंबरात संत ल्युसी, आणि तिचे दिवे विझतात न विझतात तोच नाताळ. यातले निम्मे कॅलेंडरात तांबड्या शाईत येतात, उरलेले आम्हीच तांबडे करून घेतो. ज्याने कॅलेंडर छापलं त्याने जन्मात कधी नीरफणस सोलला नसावा. सुट्टी कचेऱ्यांना असते, चुलीला नसते. मी एकतीस वर्षं शाळेत स्वयंपाकीण होते. शाळेला सुट्टी लागली की घरचं रांधणं दुप्पट व्हायचं.

आता त्रेसष्ट वय झालं. सण आला म्हटलं की माझे गुडघे आधी दुखतात.

आमच्या मोन-बेल गावात मूल जन्मलं की पहिला प्रश्न मुलगा की मुलगी, आणि दुसरा गुलाब की मार्गरीट. दोन फुलं, दोन मंडळं. दोघांकडे आपापला राजा, राणी, न्यायाधीश, पोलीस, नर्सा. सगळे लुटुपुटूचे, पण तसं तोंडावर म्हणून बघा, जागच्या जागी अटक होते. दारातून आत आलात आणि राजाराणीला वाकून सलाम केला नाहीत, की पोलीस दंडाला धरतात, खटला चालतो, शिक्षा होते आणि सगळे हसतात. गुलाबवाले ढोल बडवून नाचतात. आम्ही बसून, एका सुरात, देवळात शोभेल असं गातो. त्यांचं म्हणणं, मार्गरीटला झोप आवरत नाही. आमचं म्हणणं, गुलाबाला लाज नाही.

मी मार्गरीटची, आणि लग्न केलं गुलाबवाल्याशी. तोही साधासुधा नाही, त्यांचा शांत्वेल. शांत्वेल म्हणजे पुढचा गाणारा. तो ओळ टाकतो आणि बाकीचे ती झेलतात. अल्फाँस पेशाने सुतार. दर वर्षी तो नवं गाणं रचायचा, आणि तीस ऑगस्टपर्यंत ते कुणाच्या कानी पडता कामा नये असा नेम. मार्गरीटच्या तर नाहीच नाही. म्हणून तो मागच्या कामाच्या खोलीत रचायचा आणि मी स्वयंपाकघरात रेडिओ मोठा करायची. गावभराच्या घरांना जाड भिंती घालणाऱ्या सुताराने स्वतःच्या घरात मात्र एकेरी फळीची भिंत घातली होती. छत्तीस वर्षांतलं त्याचं प्रत्येक गाणं मला तोंडपाठ आहे. त्यातली निदान नऊ तरी माझ्यावरचे टोमणे आहेत.

मला वाटायचं, चोरी माझी एकटीचीच.

यंदा ईस्टरच्या आधीच्या उपासांत त्याला झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. एक शब्द राहिला, "वी". आमच्या बोलीत वी म्हणजे हो. जेवणार का? वी. दुखतंय का? वी. मेलास तर बरं होईल का रे, दोघांचीही सुटका? वी. मंडळात मी नर्स, सत्तावीस वर्षं पांढरी टोपी घालून गाऊन थकलेल्यांना खोटं खोटं औषध पाजलं. आता खरी नर्स झाले. पहाटे त्याला उठवायचं, पुसायचं, खुर्चीत बसवायचं, भरवायचं, दुपारी कूस बदलायची, कपडे धुवायचे. लेक कॅनडात आहे, तो रविवारी फोन करतो आणि म्हणतो, "आई, तब्येतीला जप." कोणाच्या तब्येतीला, ते सांगत नाही.

ऑगस्ट लागला तशी गुलाबवाल्यांच्या हॉलमधून तालमीचा ढोल ऐकू यायला लागला. एका दुपारी मी त्याला कोकोचा चहा पाजत होते. ढोल सुरू झाला आणि याने मान वर केली. आणि गायला. सबंध ओळ, शब्द न् शब्द स्पष्ट, मागच्या कुठल्याशा वर्षीची. माझ्या हातातला चहा त्याच्या सदऱ्यावर सांडला.

"आणखी गा," मी म्हटलं.

"वी," तो म्हणाला.

दवाखान्यातल्या नर्सबाईला विचारलं. ती म्हणाली, "होतं असं, मा यूडोक्सी. बोलण्याचं कपाट वेगळं, गाण्याचं वेगळं. एकाची किल्ली हरवली तरी दुसरं उघडतं."

मी घरी पोचायच्या आत बातमी गावभर झाली. दुसऱ्याच दिवशी सोलाँज आली. सोलाँज गुलाबवाल्यांची राणी. ती माझ्या लेकाची धर्ममाता, म्हणून आम्ही दोघी एकमेकींना कोमे म्हणतो. एरवी ती माझ्याकडे येते ती मीठ मागायला किंवा भांडायला. त्या दिवशी केकचा तुकडा घेऊन आली, तेव्हाच मी ओळखलं, काहीतरी मोठं मागणार.

"कोमे, आमच्याकडे यंदा शांत्वेल नाही," ती म्हणाली.

"माहीत आहे. मी मार्गरीटची आहे, बहिरी नाही. तुमची तालीम ऐकते ना रोज. मांजरांची भांडणं बरी."

"बोल, बोल. आज मी ऐकून घेणार आहे." तिने डोक्याचा रुमाल चाचपला. "अल्फाँसला आणायचं. त्याने फक्त एकदा, शेवटचं. पुढच्या वर्षी तो..." ती खुर्चीतल्या अल्फाँसकडे बघून थांबली.

"वी," अल्फाँस म्हणाला.

"बघ! तो तयार आहे."

"तो सगळ्यालाच तयार आहे."

"पण त्याला पहिली ओळ सुचवणारं कुणीतरी हवं. ढोलावर जुनी सुचते, नवी कशी सुचेल? यंदाचं गाणं त्याने आजारी पडायच्या आधी रचलंय, मला सांगितलं होतं त्याने. आमच्यातल्या कुणालाच ते येत नाही." ती जरा पुढे झुकली. "आणि कोमे, तुमची भिंत किती जाड आहे ते अख्ख्या गावाला माहीत आहे."

मी केक तिच्याकडे परत सरकवला. मार्गरीटने गुलाबाच्या दिवशी गुलाबाच्या हॉलमध्ये पाऊल टाकायचं? आमच्या आईने ऐकलं असतं तर थडग्यातून उठून आली असती.

आईचं जाऊ द्या. जिवंत होती ती व्हर्ना. माझी सख्खी चुलतबहीण, आमची राणी. तीही त्याच संध्याकाळी आली, केक न घेता.

"यूडो, मी काय ऐकते?"

"जे ऐकतेस ते अजून झालेलं नाही."

"होऊही देऊ नकोस. गुलाबाच्या दिवशी तुझं पाऊल त्यांच्या उंबऱ्याच्या आत पडलं, तर नियम तुला माहीत आहे. तुझ्या शवपेटीवर आमचं फूल नाही आणि आमचं गाणं नाही."

हे ती चिडून बोलली नाही. चिडली असती तर मी भांडले असते. ती थकल्यासारखी बोलली, पावती वाचून दाखवावी तशी.

इथे एक सांगायला हवं. आमच्यात माणूस मेलं की त्याचं मंडळ पूर्ण पोशाखात येतं, राजाराणीसकट, आणि खड्ड्यापर्यंत गात जातं. पाद्री काय ते लॅटिन, इंग्रजी, क्रेओल म्हणून घेतो, पण माणूस पोचतं ते गाण्याने असं आम्ही मानतो. मी आयुष्यात फारसं काही मागितलं नाही. आमच्या आईला जसं गात नेलं तसं मला न्यावं, एवढं मात्र मनात धरून होते. इतकी वर्षं रांधून, धुऊन, पुसून झाल्यावर शेवटचा अर्धा मैल तरी मला कुणीतरी वाहून न्यावं, आणि मी काहीही करू नये.

आणि मंडळातून काढलेल्याचं काय होतं ते मी पाहिलं आहे. क्लीटस नावाचा आमचा एक गाणारा होता. त्याने आमची गाणी गुलाबवाल्यांना विकली आणि त्याला काढलं. पुढच्या सणाला तो मुद्दाम आला, टोपी डोक्यावर, तोंडात पाइप, सलाम नाही. त्याला वाटलं, पोलीस धरतील, खटला होईल, दंड भरू आणि परत आत जाऊ. पोलीस त्याच्या आरपार बघत उभे राहिले. अटक आपल्या माणसाला करतात, परक्याला नाही. तो सगळ्या हॉलभर फिरला, राजाच्या तोंडावर धूर सोडला, आणि कुणी हात लावला नाही. शेवटी तो दारातच बसून पोरासारखा रडला.

दोन आठवडे मी इकडे आड तिकडे विहीर अशी राहिले. रात्री त्याला कुशीवर वळवताना म्हणायची, "तुझ्या एका ओळीपायी माझी पेटी मुकी जाईल, कळतंय?" तो वी म्हणायचा. पण ढोल वाजला की त्याची डावी बोटं खुर्चीच्या हातावर चालायची. ती मी बघायची आणि दुसरीकडे तोंड करायची.

शेवटी मी वकिली पळवाट काढली. सोलाँजला सांगितलं, त्याला खिडकीशी बसवा. मी बाहेर उभी राहीन, दोन्ही पाय अंगणात. खिडकीतून पहिली ओळ सांगेन आणि गप्प राहीन. उंबरा शिवणार नाही. व्हर्नालाही निरोप धाडला. उत्तर आलं, "खिडकीला उंबरा नसतो हे खरं. पण माझी नजर आहे म्हणावं."

तीस ऑगस्टला सकाळची देवळातली मिस्सा झाली, गुलाबवाले लाल पोशाख घालून, मुकुट सावरत गावभर मिरवले. आम्ही मार्गरीटवाले रिवाजाप्रमाणे दारं लावून आत बसलो आणि फटीतून बघितलं. दुपारी दोनला सोलाँजची माणसं अल्फाँसला खुर्चीसकट उचलून घेऊन गेली. मी त्याचा खांद्यावरून घ्यायचा शांत्वेलचा लाल पट्टा मध्यरात्रीपर्यंत जागून इस्त्री केला होता. छत्तीस वर्षांत पहिल्यांदाच. एरवी तो स्वतः करायचा आणि पट्टा जाळायचा.

हॉलच्या मागच्या खिडकीखाली उन्हात मी उभी राहिले. डोक्यावर छत्री, पायाशी कोंबड्या. आत माणसं घामाने निथळत होती. अल्फाँसची पाठ माझ्याकडे होती, मान जरा कलती. राजाने काठी आपटली. ढोल हलक्याने सुरू झाला. सोलाँजने खिडकीकडे बघितलं.

मी खिडकीतून वाकून त्याच्या कानाशी ओळ म्हटली. "पाऊस यंदा उशिरा आला, गुलाब आधीच फुलला." मार्गरीट मागेच राहिली असं सुचवून माझ्याच मंडळाच्या नाकाला मिरच्या झोंबवणारी ओळ, आणि ती मी माझ्या तोंडाने म्हणत होते.

त्याने श्वास घेतला. मी डोळे मिटले.

आणि तो गायला, "सकाळ झाली, दार उघडा, मार्गरीट उभी पायरीवर."

ढोल थांबला.

हे आमचं गाणं. आमच्या आईच्या काळचं, मार्गरीटवाल्यांच्या सणाचं पहिलं गाणं. मी ते जन्मभर चुलीशी गुणगुणत आले. फळीपलीकडे रंधा चालू आहे, त्याला काय ऐकू येतंय, या भरवशावर. आणि तो ऐकत होता. पाठीमागून, भिंतीपलीकडून, माझा आवाज. मी आज नेमकी तशीच त्याच्या पाठीशी उभी राहिले, तसाच हळू आवाज काढला, आणि त्याच्या कपाटातून जे त्या आवाजाला बांधलेलं होतं तेच बाहेर आलं. चूक त्याची नव्हती. ओळ दुसऱ्या कुणाला तरी शिकवून त्याच्याकडून म्हणवली असती तर काही झालं नसतं. एवढी साधी अक्कल मला सुचली नाही.

गुलाबाच्या दिवशी, गुलाबाच्या हॉलमध्ये, गुलाबाचा शांत्वेल मार्गरीटचं गाणं गात होता. सगळे लाल पुतळे झाले. कुणी ओळ झेलली नाही. झेलणार कशी? ती झेलणं म्हणजे फितुरी.

त्याने पुन्हा गायली. दुसऱ्यांदा. आवाज जरा मोठा, जणू पहिल्यांदा ऐकू गेलं नसेल म्हणून. त्याची मान इकडून तिकडे फिरली. ती मी मागून बघितली.

आमच्या गावात शांत्वेलची ओळ तीनदा रिकामी पडली, तर त्याने पट्टा उतरवून ठेवायचा आणि पुन्हा गायचं नाही. अल्फाँसला तर पट्टा उतरवताही आला नसता. तो सोलाँजला उतरवावा लागला असता, सगळ्यांदेखत, त्या लुळ्या खांद्यावरून.

मी खिडकीतून झेलू शकले असते, पण बाहेरच्याचा आवाज धरत नाहीत. झेल हॉलमधूनच यावा लागतो. तो तिसऱ्यांदा गायच्या आत मला आत पोचायला हवं होतं. मी छत्री टाकली. या गुडघ्यांनी मी कशी धावले ते देवाला ठाऊक. कोंबड्या उडाल्या. हॉलला वळसा घालून मी पुढच्या दाराशी आले, आणि तिथे त्यांचा पोलीस आडवा उभा. खरा नियम आठवला. मी, एक मार्गरीट, गुलाबाच्या राजाराणीपुढे गुडघे टेकून वाकले. सोलाँजचं तोंड उघडंच राहिलं. मग मी उंबरा ओलांडला.

"मार्गरीट उभी पायरीवर," तो गात होता, तिसऱ्यांदा.

"पायरीवर, मा, पायरीवर," मी झेललं.

मला दम लागला होता, सूर फाटका होता. त्याने माझ्याकडे बघितलं नाही. गाणारा बघत नाही, तो पुढची ओळ टाकतो. त्याने टाकली. मी झेलली. पाचही कडवी, आम्ही दोघंच, आणि भोवती साठ माणसं हाताची घडी घालून उभी. चौथ्या कडव्याला त्यांच्या म्हाताऱ्या ढोलकऱ्याला राहवलं नाही, त्याने नुसत्या बोटाने, लाज वाटावी इतक्या हळू ठेका धरला. गाणं संपल्यावर टाळी पडली नाही. सोलाँज उठली, अल्फाँसचा पट्टा सरळ केला, आणि राजाकडे वळून म्हणाली, "शांत्वेलची ओळ रिकामी गेली नाही. लिहून घ्या."

मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "कोमे, आता जा तू."

घरी येताना व्हर्नाच्या ओसरीवरून जावं लागतं. ती बसली होती. मी थांबले. तिने आरपार बघितलं, मागच्या आंब्याच्या झाडाकडे बघावं तसं. मी पुढे गेले.

त्या रात्री अल्फाँसचे बूट काढताना मी म्हटलं, "किती वर्षं ऐकत होतास रे?"

"वी."

"मग माझ्या पेटीवर आता तू गाणार आहेस का?"

"वी."

"मूर्खा, तू आधी जाणार आहेस." आणि मग मी त्याच्या गुडघ्यावर डोकं ठेवून खूप रडले. त्याच्यासाठी नाही, खरं सांगते. माझ्यासाठी. मला तो अर्धा मैल हवा होता.

सप्टेंबर गेला. देवळात व्हर्ना माझ्या पुढच्या बाकावर बसायची आणि मिस्सेत एकमेकांना शांतीचा हात द्यायची वेळ आली की डावीकडे वळायची. दुकानात आमच्यातल्या बायका बोलता बोलता गप्प व्हायच्या. तालमीचा निरोप आला नाही. मी पांढरा पोशाख धुऊन, घडी घालून पेटाऱ्यात तळाशी ठेवला. क्लीटसने निदान पैसे तरी घेतले होते. सतरा ऑक्टोबरला लवकर उठले ती सवयीने. खारा मासा भिजत घातला, हिरवी केळी सोलली. बाहेरून आमची मिरवणूक जात होती, जांभळ्या पोशाखांतली. या खेपेला आपलीच मिरवणूक फटीतून बघायची पाळी माझ्यावर आली.

गाणं आमच्या दाराशी थांबलं. मला वाटलं, कुणाचा तरी बूट सुटला असेल. मग दारावर काठी आपटली.

दार उघडलं. दोन पोलीस. एक सत्तरीचा, एक त्याहून मोठा, दोघांच्या टोप्या कानावर आलेल्या. मागे व्हर्ना, मुकुट घालून, नजर सरळ माझ्या तोंडावर.

"यूडोक्सी मोंदेझीर," मोठ्या पोलिसाने कागद लांब धरून वाचलं, "गुलाबाच्या हॉलमध्ये शिरणे, गुलाबाच्या राणीपुढे वाकणे, आणि मार्गरीटचं गाणं श्वास फुललेल्या आवाजात, बेसूर म्हणणे. तीन गुन्हे."

"बेसूर नव्हतं," मी म्हटलं.

"ते कोर्टात सांग," व्हर्ना म्हणाली. "आणि टोपी घालून ये. नर्सा कमी आहेत आमच्याकडे."

मागून खुर्चीतून अल्फाँस म्हणाला, "वी."

पोलिसाने माझा दंड धरला. म्हातारा हात, पण त्याने घट्ट धरला. केळी तशीच परातीत टाकून, ओल्या हातांनी, मी अटक होऊन निघाले.